नवी कोरी, पण जुन्या वळणाची इलेक्ट्रिक गिटार: ठेवू की परत पाठवू?

खाडीपलीकडे (वेंगुर्ला)

मंडळी, गिटार आली एकदाची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर ॲडमिन धागा जाहिरातीत हलवतील. फेंडरच्या जॅझमास्टरवरून बेतलेली, इंडोनेशियात बनलेली आहे. जॅझमास्टर म्हणजे १९५८ साली आलेली ती तिरक्या अंगाची गिटार, जिची कंबर एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली असते. रंग फिकट निळा, पिकगार्ड तपकिरी छटांचं, बॉडी पॉप्लरची, नेक (मान) मेपलचा आणि फ्रेटबोर्ड (नेकवरची बोटं दाबायची पट्टी) 'इंडियन लॉरेल' नावाच्या लाकडाचा. किंमत पन्नास हजारांच्या आसपास, म्हणून जीव थोडा वरखाली होतोय.

दिसायला फोटोपेक्षा सरस आहे. घरात आल्यागेल्याने हात लावल्याशिवाय सोडली नाही. नेकला जुनेपणा दाखवायला पिवळट झाक दिलीय, ती मात्र मला खोटी वाटते. मांडीवर इतकी छान बसते की माझी आधीची गिटार आता आडमुठी वाटायला लागलीय. नेकजवळच्या पिकअपचा (तारांचा आवाज उचलणाऱ्या चुंबकाचा) आवाज गोल आणि भरलेला आहे. ब्रिजजवळचा (तारा टेकतात त्या घोडीजवळचा) चांगलाच धारदार आहे, पण टोन थोडा उतरवला की सोसतो.

आता खटकलेलं. ब्रिजच्या मागच्या बाजूला तारांची सतत झिणझिण चालू असते. सगळ्यात जाड तार जरा जोरात वाजवली की ती आपल्या खाचेतून सरकते. आणि ॲम्प लावला की घूंऽऽ असा हम येतो.

परत पाठवायची मुदत दहा दिवसांची आहे. पाऊस तोंडावर आलाय. माझं वाजवणं म्हणजे भावगीतांचे कार्यक्रम, कधीमधी भजन आणि गणपतीत ऑर्केस्ट्रा. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. अशा हवेत ही गिटार टिकेल का? ठेवू की पाठवू?

सोलकढी_डिस्टॉर्शन

आधी फोटो टाका, मग बोलू.

खाडीपलीकडे

नेटला एकच दांडी आहे. चढला की टाकतो.

ट्यूनिंगची_खुंटी (रत्नागिरी)

अभिनंदन! परत पाठवायची घाई करू नकोस. तू लिहिलेल्या तीन तक्रारींपैकी दोन या गिटारच्या जन्मापासूनच्या आहेत.

१९५८ साली ही काढली जॅझ वाजवणाऱ्यांसाठी. ते लोक बसून वाजवायचे, म्हणून ती तिरकी कंबर. आणि ते जाड, सपाट वेटोळ्यांच्या फ्लॅटवाउंड तारा लावायचे. ब्रिज आणि तारा अडकवायची पट्टी यांच्यात अंतर मोठं आहे, त्यामुळे तार ब्रिजवरून जवळजवळ सरळच पुढे जाते आणि खाली दाब फारसा पडत नाही. जाड तारेला ते चालून जायचं. आता कारखान्यातून ०.००९ नाहीतर ०.०१० इंचाचा सेट (आकडा सगळ्यात बारीक तारेच्या जाडीचा) लावून येतो. एवढ्या बारीक तारा त्या ब्रिजवर ठरत नाहीत, म्हणून झिणझिण आणि म्हणूनच सरकणं.

उपाय: ०.०११ चा सेट लाव. तरी भागलं नाही तर नेक उघडून त्याच्या खाचेत शिम म्हणजे पातळ चकती घालायची, म्हणजे नेक किंचित मागे झुकतो, ब्रिज उंच करता येतो आणि तारेचा कोन वाढतो. आणि हो, ब्रिज हाताने हलवला तर डुलतो, ते बघून घाबरू नकोस. तो दोन टोकदार पायांवर मुद्दाम डुलता ठेवलेला असतो, ट्रेमोलोबरोबर (सूर हलवायच्या दांडीबरोबर) पुढेमागे व्हावा म्हणून.

गंमत अशी की जॅझवाल्यांनी ही फारशी घेतलीच नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या सर्फ बँडवाल्यांनी उचलली. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत ती सेकंडहँड बाजारात स्वस्तात पडून असायची, तेव्हा पैसे नसलेल्या पंक आणि नॉइझ रॉकवाल्या पोरांनी घेतली. ब्रिजमागची झिणझिण तर त्यातले काही मुद्दाम वाजवायचे.

घाटावरची_मीना (पुणे)

हे म्हणजे अवघड आहे. पन्नास हजार मोजून आणलेल्या नव्या वस्तूला पहिल्याच दिवशी तारा बदला, नेक उघडा, शिम घाला? आणि ही चूक नाही, हिचा स्वभाव आहे म्हणायचं? साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची अडचण आज पुन्हा विकत घ्यायची, तिला म्हणायचं रेट्रो.

शिवाय ही आठवण कुणाची? कॅलिफोर्नियातल्या कुणाच्या तरी बाबांची. आपल्या आजोबांनी १९५८ साली इलेक्ट्रिक गिटार पाहिली तरी होती का? सरळ दोन हमबकरवाली (हम मारणाऱ्या दुहेरी कॉइलच्या पिकअपची) आधुनिक गिटार घे. हम नाही, झिणझिण नाही. मुदतीत पाठवून दे, हे माझं स्पष्ट मत.

अलिबागहून_आलोय

मीनाताईंशी सहमत. पण निळा रंग बघून सहमती मागे घेतो.

सोलकढी_डिस्टॉर्शन

फोटो अजून आलेला नाही. तुम्हाला कुठे दिसला?

अलिबागहून_आलोय

आम्ही अलिबागहून आलोय, आम्हाला सगळं दिसतं.

मांडवीपलीकडचा (गोवा)

मीनाताई, आजोबांनी पाहिली नसेल, पण ऐकली नक्की असेल. व्हॅन शिपले यांनी इलेक्ट्रिक गिटारवर सिनेगीतांच्या रेकॉर्डी काढल्या, सुनील गांगुलींनी इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर काढल्या. विविध भारतीवर कार्यक्रम संपून बातम्या लागेपर्यंत मिनिटभर उरायचं, तेव्हा वाजायचं ते बऱ्याचदा हेच असायचं. आमच्या बाजूला तर घराघरातला एखादा माणूस बोटीवर असायचा आणि सुट्टीवर येताना परदेशातून वाद्य घेऊन यायचा. मुंबईच्या सिनेमाच्या स्टुडिओंतले निम्मे वादक आमच्याकडचेच. (निम्मे म्हणजे प्रेमाने, मोजायला बसू नका.) त्यामुळे तो खणखणीत, थोडा ओलसर आवाज आपल्याही कानात मुरलेला आहे. तो आवाज काढणारी गिटार आपल्या दुकानात नव्हती, एवढंच.

धागाकर्त्यास: मी बँडमध्ये अशीच एक वाजवतो. झिणझिणीवर खुंटीताई बोलल्या ते खरं आहे. समुद्राकाठी राहणाऱ्याने कोटेड (पातळ लेप दिलेल्या) तारा घ्याव्यात. महाग पडतात, पण साध्या निकेलच्या तारा आपल्या हवेत बघता बघता काळ्या पडतात, मग बोटंही काळी. वाजवून झालं की सुक्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनसुद्धा पुसायच्या. खालून कुणी पुसत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो.

जांभ्या (मालवण)

गिटार घेतलंस ता बरां केलंस. पण पावसात घर गळूक लागला की छत्री कोणाच्या डोक्यार धरतलंस? गिटारीच्या की बायलेच्या?

खाडीपलीकडे

बायलेन आधीच सांगल्यान हा, गिटार घेवन पडवेर झोप.

फ्यूज_उडाला (चिपळूण)

ब्रिज वगैरे गिटारवाल्यांनी बघावं. हमचं मी सांगतो, रोजचा धंदाच आहे.

सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली तार. आपली वीज ५० हर्ट्झची, घरभर वायरिंग, कुठे ट्रान्सफॉर्मर, कुठे चार्जर. ती तार हे सगळं उचलणारच. परीक्षा सोपी आहे. ॲम्प चालू ठेवून गिटार हातात घेऊन जागच्या जागी गोल फिर. एका दिशेला हम वाढेल, एका दिशेला कमी होईल. तसं झालं तर गिटार बिघडलेली नाही. आता स्विच मधोमध टाक, दोन्ही पिकअप एकदम. मूळ जॅझमास्टरमध्ये एक पिकअप उलट गुंडाळलेलं आणि उलट्या चुंबकाचं असतं, त्यामुळे दोन्ही मिळून हम बराच कटतो. तुझ्यातही कटतोय का बघ.

मग पंखा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर दोन-तीनवर ठेवलेला पंखा ॲम्पमध्ये झर्रर्र करतो. बंद कर नाहीतर पूर्ण पाचवर टाक. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवत असशील तर जुन्या स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर हम होणारच. शुद्ध साइन वेव्हचा असेल तर नाही होत.

शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. तारांना हात लावल्यावर हम कमी झाला तर ठीक, तसंच असतं. पण तारांवर हात असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या, तर तिथल्या तिथे वाजवणं थांबव. ते अर्थिंग नसल्याचं लक्षण. गणपतीच्या मंडपात हे सर्रास दिसतं. तीन पिनांचा प्लग, तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटात खुपसलेली, वर पावसाने ओली झालेली ताडपत्री. आपल्याकडे जांभ्या दगडात अर्थिंग नीट लागत नाही, आणि मे महिन्यात तर खड्डा कोरडा ठणठणीत असतो. मीठ-कोळसा भरून घे, उन्हाळ्यात अधूनमधून पाणी ओत. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) बसवून घे. गिटार आवडली नाही तर विकता येते, माणूस गेला तर परत येत नाही.

घाटावरची_मीना (पुणे)

हा प्रतिसाद वाखुसा (वाचनखूण साठवली). बाकी माझं मत कायम.

लाकूडमाप (कणकवली)

'इंडियन लॉरेल' वाचून हसू आलं. अहो, तो आपला ऐन! चौकोनी भेगांची जाड साल असते तो. शेताला राब भाजायला आम्ही त्याचेच टाळ (डहाळ्या) तोडत आलोय. जुन्या घरांचे वासे, खांब ऐनाचे असायचे. कठीण, जड, टिकाऊ लाकूड.

गिटारींत तो आला त्यामागे कारण आहे. फ्रेटबोर्डला पूर्वी सर्रास शिसवी वापरायचे. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या साऱ्या जाती साइट्स कराराच्या (दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आल्या. मग एकेक गिटार सीमेपार पाठवायला परवान्याचे कागद लागू लागले. कंपन्यांनी कटकट नको म्हणून दुसरी लाकडं शोधली, त्यात ऐन सापडला. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, पण तोवर मध्यम किमतीच्या गिटारींवर ऐन स्थिरावला होता.

सांगायचा मुद्दा हा, की हे लाकूड आपल्या पावसाला घाबरणारं नाही. फक्त त्याचे रंध्र उघडे असतात आणि फ्रेटबोर्डवर लॅकर नसतं. वर्षातून एकदोनदा फ्रेटबोर्डसाठी मिळतं ते मिनरल ऑइल अगदी थोडं चोळून पुसून घ्या. खोबरेल लावू नका. खवट होतं, चिकट होतं, वर धूळ बसते. हे मुद्दाम लिहिलं, कारण आपल्याकडे प्रत्येक दुखण्यावर खोबरेलच निघतं.

जांभ्या (मालवण)

म्हणजे माझ्या मळ्यात शंभरेक फ्रेटबोर्ड उभे आसत. गुरां सावलीक बसतत.

तिसरी_घंटा

अवांतर: फणसाच्या लाकडाची गिटार का करत नाही कुणी? तंजावरची वीणा फणसाचीच असते ना? आमच्याकडे तर दारं-खिडक्यासुद्धा फणसाच्या.

लाकूडमाप (कणकवली)

होईल की. नीट सुकवलेला, जुन्या घरातून निघालेला फणस मिळाला तर उत्तमच. पण कोकणात सुतार मिळाला तर फणस मिळत नाही आणि फणस मिळाला तर सुतार मुंबईला गेलेला असतो. सावंतवाडीत चितारी मंडळी पांगाऱ्याची खेळणी करतात, ते लाकूड हलकं असतं. बॉडीला चालेल का, हे गिटारवाल्यांनी सांगावं.

ट्यूनिंगची_खुंटी (रत्नागिरी)

पांगारा मऊ पडेल, ब्रिजचे स्क्रू धरणार नाही. फणसावर वेगळा धागा काढा, मी येते.

अण्णा_पेटीवाले (देवगड)

मी गिटारवाला नाही. चाळीसेक वर्षं भजनी मंडळात पेटी वाजवतो, गावातल्या पेट्या दुरुस्तही करतो. पावसाळ्याचं सांगतो, लाकूड ते लाकूड.

आमच्याकडे पावसात पेटीच्या पट्ट्या फुगतात, दाबल्या की वर येत नाहीत. पखवाजाचं पान उतरतं, कणीक लावून लावून वैताग येतो. यावर जुना उपाय म्हणजे लाकडी कपाट आणि त्यात खाली पंधरा वॉटचा पिवळा बल्ब. रात्रभर लावून ठेवायचा. कपाट कोमट राहतं, आतली हवा सुकी राहते. नवी पोरं एलईडी लावतात आणि म्हणतात अण्णा, गुण येत नाही. एलईडीची ऊब कुठे असते? बाळा, तुझ्या त्या गिटारीला असं एक कपाट कर. आणि जांभ्याच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर वाद्य टांगू नकोस. पावसाळाभर ती भिंत पाणी पीत असते.

ट्यूनिंगची_खुंटी (रत्नागिरी)

अण्णा, नमस्कार. भिंतीबद्दल शंभर टक्के सहमत. बल्बबद्दल मात्र थोडं वेगळं मत मांडते, राग नसावा. गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के ओलावा मानवतो. कोकणात जुलैत तो नव्वदीला टेकतो. बल्बच्या कपाटात तो चाळिशीच्या खाली गेला आणि आपण रोज गिटार बाहेर काढून पुन्हा नव्वदीत आणली, तर लाकूड रोज फुगणार, रोज आकसणार. ते एकसारख्या ओलीपेक्षा वाईट. त्यापेक्षा कडक केस, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पाचशे रुपयांचा हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचा). पुड्यांचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरायच्या. इलेक्ट्रिक गिटारची बॉडी भरीव असते, रंगाने बंद असते. साठ-पासष्ट टक्क्यांतही तिला काही होत नाही. हलतो तो नेक. फ्रेटबोर्ड उघडा आणि मागची बाजू लॅकरने बंद, त्यामुळे फ्रेटबोर्ड ओल पितो, फुगतो, नेक किंचित मागे वाकतो, तारा खाली येतात आणि फ्रेटवर खडखडतात. तेव्हा ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) पाव फेरा सैल करायचा. पाव म्हणजे पाव! करून रात्रभर थांबायचं.

अण्णा_पेटीवाले (देवगड)

राग कसला, मुली. हायग्रोमीटर कपाटात ठेवून बघतो. आमच्या वेळी नाकाने ओळखायचो.

मांडवीपलीकडचा (गोवा)

अजून एक, जे सगळे विसरतात. ब्रिजच्या खुंट्यांवर तारांची उंची ठरवणारे बारीक स्क्रू असतात. खाऱ्या हवेत ते असे गंजून बसतात की पुढच्या वर्षी पाना फिरतच नाही, डोकंच झिजतं. पाऊस लागायच्या आधी काडीच्या टोकाने प्रत्येकाला शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब द्या. खुंटीताई म्हणतात तसं ब्रिज उंच करायचा असेल तर आत्ताच करा, स्क्रू फिरताहेत तोवर. आणि चामडी पट्टा असेल तर कापडी घ्या. चामड्याला आपल्याकडे ऑगस्टपर्यंत बुरशीच्या मिशा फुटतात.

घाटावरची_मीना (पुणे)

तारा, शिम, तेल, पुड्या, हायग्रोमीटर, कडक केस, आरसीसीबी. गिटारच्या किमतीत याची बेरीज कुणी करतंय का?

फ्यूज_उडाला (चिपळूण)

आरसीसीबी गिटारच्या खात्यात टाकू नका ताई. तो मिक्सरलाही लागतो.

लाकूडमाप (कणकवली)

मीनाताई, तुमची हमबकरवाली गिटार कोकणात आणली तरी तेल, पुड्या आणि केस लागणारच आहे. रेट्रोच्या खात्यात फक्त शिम आणि तारा जातात.

रंगाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. फेंडरचे हे फिकट निळे, हिरवे, लाल रंग मुळात मोटारींचे. ड्यूपॉन्टचे ड्यूको आणि ल्यूसाइट रंग ते वापरायचे. फिएस्टा रेड तर १९५६ च्या फोर्ड थंडरबर्डचा. आपल्याकडे गॅरेजमध्ये अजूनही ड्यूको मारतात, तेच घराणं. पण आज या किमतीच्या गिटारींवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. जुन्या नायट्रो लॅकरचे भक्त नाक मुरडतात, पण नायट्रोला तडे जातात आणि काही रबराच्या स्टँडला ते चिकटतं. आपल्या हवेत पॉलीच बरं.

घाटावरची_मीना (पुणे)

बरं, केस आणि पुड्या मागे घेते. शिम मागे घेत नाही.

ट्यूनिंगची_खुंटी (रत्नागिरी)

मीना, एक मात्र मान्य कर. नव्या रेट्रो गिटारी पूर्ण जुन्या नसतात. जुन्या फ्रेटबोर्डची गोलाई ७.२५ इंच असायची, वरच्या फ्रेटवर तार ओढली की आवाज मरायचा. आता बहुतेकांनी ती ९.५ केलीय. म्हणजे जी अडचण लोकांना खरोखर नको होती ती काढली. डुलता ब्रिज लोकांना हवा होता, तो ठेवला.

घाटावरची_मीना (पुणे)

'लोकांना हवा होता' म्हणजे फोटोत हवा होता.

सोलकढी_डिस्टॉर्शन

पॉपकॉर्न संपले. कुरमुरे घेऊन बसलोय.

खाडीपलीकडे

सगळ्यांचे आभार. ११ चा सेट कुडाळला मिळाला नाही, कोल्हापूरहून मागवलाय. फ्यूजभाऊ, गोल फिरून बघितलं. हम वाढतो-कमी होतो, आणि मधल्या स्विचवर जवळजवळ जातो. पंखा पाचवर ठेवल्यावर झर्रर्र पण गेलं. अर्थिंगचा खड्डा उद्या उघडतोय.

एक विचारायचं राहिलं. वरच्या शिंगाजवळ एक छोटा सरकता स्विच आहे आणि पिकगार्डातून डोकावणारी दोन चाकं. स्विच वर केला की आवाज एकदम मंद आणि जाड होतो. पुस्तिकेत एक ओळ नाही. कशासाठी?

ट्यूनिंगची_खुंटी (रत्नागिरी)

तो ऱ्हिदम सर्किट. वर केलास की फक्त नेकचं पिकअप चालतं आणि आवाज-टोनसाठी खालची बटणं बाद होऊन ती दोन चाकं लागू होतात. मूळ योजनेत त्याचा टोनचा पॉट (बटणाखालचा रोधक) ५० किलोओहमचा, खालचा १ मेगाओहमचा, म्हणून वर आवाज मऊ आणि खाली चकाकता. गाण्यामागे साथ करायला वर, एकल वाजवायला खाली. रॉकवाल्यांचा हात चुकून लागतो आणि स्टेजवर आवाज गुडुप होतो, म्हणून बरेच जण तो टेप लावून बंद करून टाकतात. तू नको करूस. भावगीताला तोच लागेल.

खाडीपलीकडे

काल रात्री सराव होता, वर टाकून वाजवलं. गायिका काळी चारमध्ये गाते, साथीला पेटी, तबला आणि मी. माझी जुनी गिटार पेटीवर चढायची, मला आवाज सारखा उतरवावा लागायचा. ही पेटीच्या खाली बसली. पेटीवाले काका स्वतःहून म्हणाले, आज तू आहेस आणि नाहीसही. मी ते कौतुक समजतोय.

अडचण एकच. त्यांची पेटी जुनी आहे, ४४० हर्ट्झच्या ठरलेल्या पट्टीला नाही, जराशी वर आहे. मी पेटीला जुळवायला गेलो तर एक तार चढवली की बाकीच्या उतरतात. सगळ्या पुन्हा जुळवा, की पहिली गेलेली. तबलेवाला तोवर दोनदा चहा पिऊन आला.

अण्णा_पेटीवाले (देवगड)

पेटीला दोष देऊ नकोस हो. पेटी आपल्या जागी असते, बाकी सगळ्यांनी तिच्याकडे यायचं असतं. :)

मांडवीपलीकडचा (गोवा)

तो तरंगता ट्रेमोलो आहे. आतली स्प्रिंग आणि तारा एकमेकींना ओढून तोल धरतात, म्हणून एक चढवली की पट्टी हलते आणि बाकीच्या उतरतात. टेलपीसच्या (तारा अडकतात त्या) पत्र्यावर छोटं सरकतं बटण आहे का बघा, मूळ जॅझमास्टरला असतं. ट्रेमोलो वर धरून ते सरकवलं की पट्टी अडकते, मग साध्या गिटारसारखी जुळवता येते. भावगीताला ट्रेमोलो कुठे लागतोय? अडकवूनच ठेवा. मधे तार तुटली तरी बाकीच्या जागेवर राहतात, हा वरचा फायदा.

खाडीपलीकडे

बटण आहे! मला वाटलं शोभेचं.

जांभ्या (मालवण)

पावस इलो. कौलां परतलंस?

खाडीपलीकडे

परतली. मुदत काल संपली, गिटार ठेवली. ११ च्या कोटेड तारा लावल्यावर झिणझिण निम्म्याहून कमी झाली. शिम अजून घातलेली नाही, ब्रिज थोडा उंच केल्यावर तार सरकणं कमी झालं आहे. जोरात वाजवली तर अजून सरकते, पण भावगीतात एवढं जोरात वाजवायची वेळच येत नाही. गणपतीच्या ऑर्केस्ट्राआधी घालेन. पावसाची पहिली झड झाल्यावर पहिल्या पाच फ्रेटवर खडखड सुरू झाली, खुंटीताईंनी सांगितल्याप्रमाणे ट्रस रॉड पाव फेरा सैल केला आणि दुसऱ्या दिवशी गेली. हायग्रोमीटर केसमध्ये ५८ दाखवतोय, खोलीत ८६.

नेकची पिवळट झाक अजूनही आवडलेली नाही.

घाटावरची_मीना (पुणे)

ठेवलीस तर आता शिम घालूनच टाक, गणपतीची वाट कशाला बघतोस. ऑर्केस्ट्रात पहिल्याच कोळीगीताला तार सरकली तर मी इथे येऊन 'सांगितलं होतं' लिहिणार आहे.

फ्यूज_उडाला (चिपळूण)

मंडपाचं वायरिंग बघायला मला बोलाव. चहा आणि मोदक एवढीच फी.

नवीन_सभासद_०७

नमस्कार, उशिरा वाचतोय. मीही गुहागरला राहतो आणि अशीच गिटार बघतोय, पण बरोबर फक्त कापडी पिशवी मिळते. कडक केस वेगळी कुठे मिळाली? नेहमीच्या स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) केसमध्ये बसते का?

खाडीपलीकडे

नाही बसत, तिरक्या अंगामुळे खालचा भाग लांब पडतो. जॅझमास्टर-जॅग्वारच्या मापाची मागवावी लागते, मुंबईच्या दुकानातून आली. घेण्याआधी बॉडीची पूर्ण लांबी टेपने मोजून दुकानदाराला कळवा, तो स्ट्रॅटचीच पाठवायला निघाला होता.